घणसोलीतील एकमालकी भाड्याची इमारत: खोल्या उत्तम, नियम कागदावर

घणसोली स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, गावठाणाला लागून उभ्या असलेल्या एका चार मजली इमारतीत आम्ही भाड्याने राहतो. इमारतीतील सर्व सदनिका एकाच मालकांच्या आहेत आणि त्यांतील एकही विकली गेलेली नाही. त्यामुळे येथे सहकारी गृहनिर्माण संस्था नाही, कार्यकारिणी नाही आणि वार्षिक सभाही नाही. सगळा कारभार मालक आणि त्यांचे थोरले चिरंजीव पाहतात. इमारतीचे किंवा मालकांचे नाव मी येथे देत नाही, कारण नवी मुंबईत साडेबारा टक्के योजनेच्या (म्हणजे शहरासाठी जमीन दिलेल्या गावकऱ्यांना परत मिळालेल्या) भूखंडांवर आणि गावठाणांच्या आसपास अशा एकमालकी इमारती पुष्कळ आहेत, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्यांतील अनेक ठिकाणी भाडेकरूंच्या वाट्याला येत असावे. हे परीक्षण घराचे थोडे आणि घर भाड्याने देण्याच्या सेवेचे अधिक आहे.

घराबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर, भाडे महिना १६,५०० रुपये, देखभालीचे ८०० रुपये वेगळे आणि अनामत ६०,००० रुपये. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, भिंतींना ओल नाही, आणि खाडीकाठच्या या दमट हवेत पावसाळ्यानंतरही कपाटातील कपड्यांना कुबट वास येत नाही, हे मला विशेष वाटते. ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गाने ठाणे जवळ पडते आणि महापे औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना तर रिक्षाही पुरते.

मालकांच्या बाजूने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याचा परवाना देणारा करार, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते. तरीही पुष्कळ घरमालक नोटरीच्या शिक्क्यावर वेळ मारून नेतात. आमच्या मालकांनी तसे केले नाही. मुद्रांक शुल्क आणि महापालिका क्षेत्रासाठीचे १,००० रुपये नोंदणी शुल्क यांचा निम्मा भार त्यांनी स्वतः उचलला आणि पोलिस ठाण्यात भाडेकरूंची माहितीही वेळेवर दिली. कागदपत्रांच्या बाबतीत हे गृहस्थ चोख आहेत. पुढील सगळी अडचण अशी की त्यांचा चोखपणा कागदाशीच थांबतो.

करारासोबत दोन पानांची नियमावली जोडलेली असून तिच्यावर प्रत्येक भाडेकरूची पानागणिक सही घेतली जाते. नियमावली ज्या कोणी लिहिली त्याला सामायिक इमारतीत राहण्याचा अनुभव असावा, इतकी ती नेमकी आहे. स्टिल्टखाली, म्हणजे तळाच्या खांबांमधील मोकळ्या जागेत, गाडीसाठी प्रत्येक सदनिकेला ठरलेली एकच जागा, रात्री १० ते सकाळी ६ शांतता, एका सदनिकेत जास्तीत जास्त चार माणसे, सदनिकेचा व्यवसायासाठी वापर नाही, जिन्यात व पॅसेजमध्ये कोणतेही सामान नाही, आणि टाकीतून खाली येणाऱ्या सामायिक नळावर खासगी मोटार लावण्यास सक्त मनाई. घर पाहायला आलो तेव्हा ही नियमावली वाचूनच माझ्या सासूबाईंनी येथे राहण्यास होकार दिला होता.

या नियमांपैकी जे पैशाशी निगडित आहेत ते अत्यंत काटेकोरपणे पाळले जातात. भाडे पाच तारखेपर्यंत जमा न झाल्यास सहा तारखेच्या सकाळी चिरंजीवांचा फोन येतो, उशिराचा दंड दिवसाच्या हिशेबाने लागतो, आणि भिंतीला विचारल्याविना ठोकलेला प्रत्येक खिळा अनामतीतून वजा होतो. घर सोडून गेलेल्या एका कुटुंबाच्या हिशेबात मी खिळ्यांची स्वतंत्र ओळ पाहिली आहे. ज्या नियमांचा उपयोग केवळ शेजाऱ्याला होतो, त्यांच्या वाट्याला मात्र असा एकही फोन आलेला नाही.

सर्वांत जास्त त्रास पाण्याच्या मोटारीचा झाला. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो आणि गच्चीवरील टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम आठ-दहा फूट उंच असल्याने आमच्या नळाला मुळातच दाब कमी असतो. खालच्या एका भाडेकरूंनी त्याच उभ्या पाइपवर दाब वाढवणारी लहान मोटार बसवली. ती सुरू झाली की पाणी खाली ओढले जाते आणि आमच्या नळातून फक्त हवा येते. दुसऱ्या मजल्यावर शॉवर जोरात चालतो, त्याच वेळी चौथ्या मजल्यावर सत्तरीच्या बाई बादली भरण्याची वाट पाहत बसतात. हा बिघाड नाही, कारण मोटार बंद असताना पाणी व्यवस्थित येते. नियमावलीतील ज्या कलमाने ती मोटार बसण्यापूर्वीच अडवायला हवी होती, त्याचा क्रमांक देऊन मी मालकांना लेखी कळवले. चिरंजीव येऊन मोटार पाहून गेले, "सांगतो त्यांना" असे म्हणाले, आणि मोटार आजही तेथेच आहे.

तळमजल्याच्या मागील सदनिकेतून डब्यांचा व्यवसाय चालतो. तो चालवणाऱ्या बाई कष्टाळू आहेत, त्यांच्या हाताची वालाची उसळ मी आनंदाने विकत घेते, आणि त्यांचा व्यवसाय बंद पडावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. आक्षेप आहे तो जिन्याखाली रचून ठेवल्या जाणाऱ्या १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर, कारण या इमारतीला जिना एकच आहे आणि आग लागली तर सर्वांना तेथूनच बाहेर पडायचे आहे. पहिल्या मजल्यावरील एका सदनिकेत नऊ तरुण राहतात. त्यांच्याशीही माझे वैर नाही. परगावाहून नोकरीसाठी आलेल्या मुलांना या शहरात घर मिळणे किती कठीण असते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु नऊ जणांच्या सहा दुचाकी स्टिल्टमधील दोन चारचाकींच्या जागा व्यापतात, आणि त्या जागांचे पैसे भरणारी कुटुंबे आपल्या गाड्या रस्त्यावर उभ्या करतात.

तक्रार केल्यावर काय घडते, हेही ठरून गेले आहे. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर चिरंजीव नियमावलीची पीडीएफ फाइल पुन्हा एकदा टाकतात आणि खाली "सर्वांनी सहकार्य करावे" असे लिहितात. ज्याने नियम मोडला त्याला व्यक्तिशः काही सांगितले जात नाही. उलट नियम पाळणाऱ्यांनाही आपल्यालाच बोल लावला जात असल्यासारखे वाटते. त्यानंतरही कोणी पाठपुरावा केला तर फोन येतो: "ताई, तुम्ही आपसांत मिटवून घ्या ना, आम्ही कुठे मध्ये पडायचं?"

या उत्तरातच या सेवेचा मूळ दोष आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. सहकारी संस्थेत सर्व सभासद एकाच उपविधींनी बांधलेले असतात; समिती दुर्लक्ष करत असेल तर सभेत प्रश्न विचारता येतो आणि उपनिबंधकांकडे दाद मागता येते. एकमालकी इमारतीत यांतील काहीच नसते. माझा करार मालकांशी आहे, दुसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्यांचा करारही मालकांशीच आहे, आणि आम्हा दोघांमध्ये कोणताही करार नाही. मोटार काढा असे त्यांना सांगण्याचा मला शेजारधर्माच्या पलीकडे काही अधिकार नाही, आणि ते त्यांनी मला एकदा शांतपणे सुनावलेही. तो अधिकार प्रत्येकाच्या सहीसह एकाच माणसाकडे जमा झालेला आहे. त्यानेच मध्ये पडायचे नाकारले तर ती नियमावली कोणासाठीच लागू राहत नाही, आणि आपसांत मिटवण्याचा सल्ला म्हणजे ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला कुलूप उघडायला सांगण्यासारखे होते.

मालक असे का वागतात याचा मी विचार केला आहे, आणि त्यामागे दुष्टपणा आहे असे मला वाटत नाही. पहिल्या मजल्यावरील नऊ जण माणशी भाडे देतात आणि ती बेरीज आमच्या भाड्याहून बरीच मोठी होते, हे त्या मुलांनीच सांगितले. डबेवाल्या बाईंकडूनही भाडे चढे घेतले जाते. याचा अर्थ मालकांना नियमभंग माहीत आहे, इतकेच नव्हे तर त्याची किंमतही त्यांनी ठरवलेली आहे. पैसे त्यांना मिळतात आणि गैरसोय इतरांना होते. शिवाय भाडेकरू निघून गेला की रंगकाम करावे लागते आणि नवा मिळेपर्यंत सदनिका रिकामी राहते. कायद्याने त्यांचे हात काही अंशी बांधलेले आहेत, हेही खरे. पाणी किंवा वीज तोडून कोणालाही वठणीवर आणता येत नाही, आणि मुदत संपूनही न हलणाऱ्या परवानाधारकाकडून ताबा घेण्यासाठी भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. पण नियमभंग झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीने करार संपवण्याचे कलम त्यांनीच प्रत्येक करारात घातलेले आहे. ते वापरण्याची गरजही बहुधा पडणार नाही; ते वापरले जाईल असे एकदा गांभीर्याने सांगितले तरी मोटार त्याच दिवशी निघेल.

अनुभवाने एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. ज्या नियमामागे केवळ करार आहे त्याबाबत भाडेकरू हतबल असतो, परंतु ज्यामागे कायदाही आहे त्याबाबत तो तितका हतबल नसतो. रात्री उशिरापर्यंत स्पीकर वाजत राहिला तेव्हा आम्ही मालकांची वाट न पाहता ११२ क्रमांकावर कळवले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील मर्यादा ४५ डेसिबल आहे. पोलिसांनी कोणतेही यंत्र आणले नाही, केवळ दार वाजवले. तेवढे पुरेसे ठरले. जिन्यातील दिवे बंद पडून कित्येक दिवस लोटले तेव्हा मी मालकांना पत्र लिहून भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ कडे लक्ष वेधले, कारण त्यात अत्यावश्यक सेवांमध्ये पाणी, वीज, लिफ्ट आणि साफसफाई यांच्या बरोबरीने जिन्यातील व पॅसेजमधील दिव्यांचाही उल्लेख आहे. परवान्यावर राहणारा माणूस त्या कलमातील भाडेकरू ठरतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील. मालकांनी मात्र वाद घातला नाही आणि दोनच दिवसांत दिवे लागले. सिलिंडरबाबत आम्ही चार कुटुंबांनी एकत्र सही केलेले पत्र दिले आणि यानंतरचा अर्ज अग्निशमन विभागाकडे जाईल असे त्यात नमूद केले. सिलिंडर आता मागील मोकळ्या जागेत जाळीच्या कपाटात आहेत आणि ते कपाट मालकांनी स्वतःच्या खर्चाने करून दिले आहे, हे त्यांच्या श्रेयात धरले पाहिजे. डब्यांचा व्यवसायही सुरू आहे. पार्किंग आणि मोटार मात्र जिथल्या तिथे आहेत, कारण त्यांसाठी करारापलीकडे जाऊन दार ठोठावण्याची जागा आम्हाला सापडलेली नाही.

गुण द्यायचे तर घराला पाचपैकी चार, कागदपत्रांना पाच आणि व्यवस्थापनाला एक. दिवसभर बाहेर असणाऱ्या, गाडी नसलेल्या आणि खालच्या मजल्यावर जागा मिळणाऱ्या माणसाला ही इमारत सुखाची वाटेल. घरात वृद्ध माणूस किंवा लहान मूल असेल तर मी ती सुचवणार नाही. अशा कोणत्याही इमारतीत घर पाहताना सदनिकेबरोबर जिनाही पाहावा, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास स्टिल्टखाली एक चक्कर मारावी, आणि नियमावली किती कडक आहे हे विचारण्याऐवजी ती मोडल्याबद्दल आजवर कोणाला लेखी नोटीस दिली आहे का, हे मालकांना विचारावे. आमच्या शेजारच्या सदनिकेसाठी आलेल्या एका जोडप्याला मी हाच प्रश्न विचारण्यास सुचवले. चिरंजीव हसले आणि त्यांनी गच्चीवरून दिसणारे पारसिकचे डोंगर दाखवले.

आमचा करार आता नूतनीकरणास आला आहे. आम्ही मसुद्यात एकच कलम वाढवण्याची विनंती केली: नियमभंगाची लेखी तक्रार आल्यापासून पंधरा दिवसांत मालकांनी संबंधित भाडेकरूला लेखी सूचना द्यावी, आणि ती न दिल्यास तक्रारदाराला लॉक-इनचे (ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याचे) बंधन न राहता पूर्ण अनामत परत घेऊन घर सोडता यावे. यात मालकांना एक रुपयाही खर्च नाही. त्यांनी पाठवलेल्या नव्या मसुद्यात भाडे १८,००० रुपये झाले आहे, खिळ्यांबाबतचे कलम अधिक तपशीलवार झाले आहे, आणि आम्ही सुचवलेल्या कलमाबद्दल "वकिलांना विचारून सांगतो" असा निरोप आहे. तो निरोप महिनाअखेरपर्यंत लेखी होकारात बदलला नाही, तर कोपरखैरण्यात संस्थेच्या इमारतीतील एक सदनिका आम्ही पाहून ठेवली आहे. भाडे दोन हजारांनी जास्त आहे, पण तिथे तक्रारवही आहे आणि तिच्यात उत्तरेही लिहिलेली आहेत.