जर्मनीत पहिलं घर: वोनहाइम, वेगे की ओळखीच्या दादाचा सोफा?

व्हिसा आला, घरची एफडी मोडून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच अडकवून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो टाकून झाले, बॅगेत कुकर बसतो का तेही बघून झालं, आणि आता झोप उडालीये ती उतरल्यावर राहायचं कुठे यावरून. मी स्टुटगार्टला तिन्ही प्रकार केलेत. पहिले नऊ दिवस एका दादाकडे, मग सहा महिने वोनहाइम म्हणजे आपलं स्टुडंट हॉस्टेल, आणि नंतर वेगे, म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट.

सगळे आधी भाडं विचारतात, पण मी म्हणेन आधी एकच विचारा, इथे अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याची, म्हणजे घरमालकाची किंवा खोली पोटभाड्याने देणाऱ्या मूळ भाडेकरूची, सही असलेला एक कागद लागतो, तो नसला की नोंदणी नाही, नोंदणी नाही तर टॅक्स नंबर पोस्टाने येणार कुठे, बऱ्याच बँका पण नोंदणीचा कागद मागतात, आणि खातं नाही तोवर ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे ९९२ युरो सुटत नाहीत. स्वतःचेच पैसे, पण हात लावता येत नाही.

दादाचा सोफा इथेच मार खातो. फुकट असतो, उतरल्या दिवशी गरम वरणभात मिळतो, सिमकार्ड कुठलं घ्यायचं, कचऱ्याचा कुठला डबा कशाचा हे कोणीतरी आपल्या भाषेत सांगतं. याची किंमत पैशात होत नाही. पण दादा स्वतःच भाडेकरू, घरमालकाला न विचारता तो तुमच्यासाठी सही कशाला करेल? शिवाय चौथ्या दिवसापासून आपल्यालाच ऑकवर्ड व्हायला लागतं, बाथरूमला जाताना पण पाय न वाजवता जातो माणूस. आठवडाभर ठीक, त्यावर नको.

वोनहाइममध्ये कागदाचं टेन्शन नाही, कॉन्ट्रॅक्टसोबत तो मिळतोच. भाड्यात बहुतेक वेळा हीटिंग, वीज, इंटरनेट सगळं धरलेलं असतं, खोलीत पलंग, टेबल, कपाट असतं. चादर-उशी मात्र स्वतःची. प्रॉब्लेम एकच, वेटिंग लिस्ट. मोठ्या शहरांत एकेक सेमिस्टर थांबलेले लोक मला माहितीयेत, त्यामुळे अ‍ॅडमिशन आल्या दिवशीच अर्ज टाका, व्हिसाची वाट बघत बसू नका.

आणि दाराचं लक्षात ठेवा. इकडची दारं ओढली की लॉक होतात, बाहेरून फिरवायला हँडलच नसतो, नुसता गोळा. पहिल्याच रविवारी मी फोडणीचा धूर झाला म्हणून स्मोक अलार्म वाजायच्या आत खिडकी उघडली, वाऱ्याने स्वयंपाकघराचं दार आपटेल म्हणून ते धरायला कॉरिडॉरमध्ये धावलो, ते राहिलं बाजूला आणि माझ्या खोलीचंच दार धाडकन बंद. चावी आत, फोन आत, पायात बाथरूमच्या स्लिपर. रविवारी किल्लीवाला बोलवायचा म्हणजे महिन्याच्या किराण्याएवढं बिल. तेव्हापासून चावी गळ्यात.

वेगेमध्ये माणसं मिळतात, जर्मन पण लवकर सुधारतं, पण आधी इंटरव्ह्यू होतो, म्हणजे खरंच, आधीपासून राहणारे लोक व्हिडिओ कॉलवर बसून तुम्ही कसे आहात ते बघतात. साफसफाईचा तक्ता भिंतीवर असतो. आणि स्टुटगार्ट बाजूला तर वर केरवोखे, म्हणजे आठवड्याची पाळी आली की दाराला पाटी लटकते आणि जिना तुम्ही झाडायचा. शब्द जर्मन, पण केर नावातच आहे, आजीला सांगितलं तर तिला फार आवडलं.

रेडिओ-टीव्हीची फी पण धरा, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. वेगेत ती पूर्ण फ्लॅटला एकच, म्हणून चौघांत साडेचार पाच युरोवर येते. वोनहाइममध्ये कॉमन कॉरिडॉरला उघडणारी प्रत्येक खोली वेगळं घर धरतात, तिथे पूर्ण एकट्याने भरा. वेगेच्या जाहिरातीत लिहिलेलं भाडं काल्ट आहे का वार्म तेही विचारा, काल्ट असेल तर हीटिंगचे वगैरे पैसे वेगळे. आणि डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, पण ते खोली बघायच्या आधी कोणालाही पाठवू नका. 'मी सध्या परदेशात आहे, पैसे टाका, चावी कुरिअर करतो' म्हणणारा शंभर टक्के चोर.

मला विचाराल तर, जर्मन येत नसेल तर पहिलं सेमिस्टर वोनहाइमच, वेगे नंतर निवांत शोधा. वोनहाइम नाहीच मिळालं तर सेमिस्टरभर बाहेर गेलेल्या कोणाची तरी वेगेतली खोली तेवढ्यापुरती घ्या, फक्त अनमेल्डुंग होईल असं मेलवर लेखी घेऊन. सोफा उतरल्यावर फार तर आठवडाभरासाठीच.

आणि तिकीट काढताना वार बघा. आमच्याकडे चावी देणारा हाउसमायस्टर, म्हणजे बिल्डिंगचा केअरटेकर, फक्त वर्किंग डेला सकाळी भेटायचा, शनिवारी उतरलं की सोमवारपर्यंत चावी नाही. रविवारी दुकानं बंद असतात, ३ ऑक्टोबरला पण सुट्टी, तेव्हा पहिल्या दोन दिवसांचं खाणं, निदान मेथीचे ठेपले, बॅगेत वरच ठेवा.