ॲनिमल कम्युनिकेटर, माझी घोडी आणि त्या व्हॉइस नोट : पॅकेज संपतानाचा अनुभव

जनावरांशी मनाने बोलता येतं असं सांगणाऱ्या एका ॲनिमल कम्युनिकेटर बाईंकडून मी माझ्या घोडीसाठी सत्रांचं पॅकेज घेतलं होतं; ते पुढे चालू ठेवायचं का, अशी विचारणा गेल्या आठवड्यात आली. मी ठेवणार नाही. पण नुसतं 'नको' कळवून थांबण्यापेक्षा सविस्तर लिहिते, कारण पुण्याच्या आसपास स्वतःचा घोडा पागेत ठेवणाऱ्यांमध्ये हल्ली हा विषय हटकून निघतो. घोडा नीट खात नाही, अडतो, चावतो म्हटलं की कुणीतरी विचारतंच, 'कम्युनिकेटरला दाखवलं का?' आपण घोड्याचा डोळे स्पष्ट दिसणारा फोटो पाठवायचा, आणि घोडा काय 'सांगतो' ते कम्युनिकेटर कळवतात, असं हे सत्र.

माझी मैना थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीची आहे, शर्यतीतून निवृत्त झालेली. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की कान मागे टाकून मान वळवायची आणि सरळ दंडाला तोंड घालायची. खोगीर बदलून पाहिलं, तंगाला मऊ आवरण घातलं, आवळताना तीन टप्प्यांत आवळायला लागलो. काही उपयोग झाला नाही. पागेतल्या एका ताईंनी या बाईंचा नंबर दिला. एका सत्राचे २,५०० रुपये, पॅकेज घेतलं तर थोडे कमी. महिन्याचा चारा, घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा पगार आणि नाल ठोकणारा नालबंद यांचा हिशेब ज्यांनी वहीत मांडलाय, त्यांना ही रक्कम किती टोचते ते सांगायला नको. तरी घेतलं. जनावराला दुखतंय आणि आपल्याला कळत नाही, ही अवस्था फार वाईट असते.

पहिल्या सत्रानंतर मी भारावून गेले होते. 'तिच्या पोटात आग होते. डाव्या बाजूला पट्टा आला की तिला भीती वाटते. तिची एक मैत्रीण मागे राहिली आहे, तिची आठवण काढते.' हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच डॉक्टरांना बोलावलं. रात्रभर उपाशी ठेवून एंडोस्कोपी केली. घोड्यासाठी ती नळी तीन मीटरची लागते. जठराच्या वरच्या भागात अल्सर निघाले. ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा २८ दिवसांचा कोर्स झाला, भिजवलेला हरभरा कमी केला, स्वारीच्या अर्धा तास आधी ओंजळभर लसूणघास सुरू केली. घोड्याचं जठर चोवीस तास आम्ल सोडत असतं, त्यामुळे रिकाम्या पोटी दौडवलं की ते आम्ल हिंदकळून वरच्या नाजूक भागाला लागतं. कोर्स संपता संपता चावणं निम्म्यावर आलं. त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. या बाई लेखी काहीही देत नाहीत. सगळं व्हॉइस नोटमध्ये. एकेक नोट पाऊण तासाची. मध्ये लांब शांतता, मग 'हो… हो… ती सांगतेय', मग अर्धा मिनिट श्वास. उजव्या पायाबद्दल नेमकं काय म्हणाल्या हे शोधायचं तर संपूर्ण नोट पुन्हा ऐकायची. डॉक्टरांना पाठवली तर ते ऐकणार कधी? मी विनंती केली की मुद्दे चार ओळींत लिहून द्या, तारीख घालून. उत्तर आलं की लिहिलं की ऊर्जा तुटते. जास्तीचे पैसे देऊ केले, तरी नाही. डॉक्टर मला तारखेसह केसपेपर देतात, नालबंद कुठल्या पायाला कुठला नाल मारला ते फोटोवर खूण करून पाठवतो, आमचे मोतद्दार मामा पागेतल्या फळ्यावर खडूने लीद किती वेळा आणि पाणी किती बादल्या ते लिहितात. २,५०० रुपये घेणाऱ्या व्यक्तीला चार ओळी जड का व्हाव्यात?

तुम्हाला ही किरकोळ कुरकुर वाटेल. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऐकलेल्यातलं लागू पडतं तेवढंच डोक्यात राहतं, बाकीचं विरून जातं. मी शेवटी स्वतःच सगळ्या नोट कागदावर उतरवल्या. उतरवल्यावर दिसलं की पहिल्याच नोटमध्ये पोटाच्या जोडीला मान, पाठीचा मधला भाग, मागचा एक गुडघा, मूत्राशय आणि 'घशात अडकलेलं दुःख' हेही होतं. मला आठवत होतं फक्त पोट.

आणि पोटाचं म्हणाल तर, बुकिंगच्या फॉर्ममध्ये मीच लिहिलं होतं की तंग आवळताना चावते. सोबत फोटो थरोब्रेडचा. शर्यतीच्या तालमीत राहिलेल्या घोड्यांमध्ये अल्सर इतके सर्रास आढळतात की पागेत थोडी वर्षं काढलेला कुणीही आधी पोटच म्हणेल. मागे राहिलेली मैत्रीण तर प्रत्येक निवृत्त शर्यतीच्या घोडीला असतेच. शर्यतींचा पुण्याचा मोसम पावसाळ्यात, मुंबईचा हिवाळ्यात, मधे ट्रेनर बदलतो, मालक बदलतो. किती शेजारणी मागे राहत असतील! नोट उतरवून काढल्यावर मी पागेतल्या इतर दोघींकडून त्यांच्या नोट मागून घेतल्या. 'ती म्हणते, माझं ऐकून घेतलं जात नाही' हे वाक्य तिन्ही घोड्यांच्या नोटमध्ये जसंच्या तसं आहे.

पुढच्या सत्राला मी फॉर्ममधला तक्रारीचा रकाना कोरा ठेवला. फोटो पाठवला, नाव आणि वय लिहिलं, बस. त्या वेळी मैनाची खरी अडचण वेगळी होती. ती घास चावून गोळे करून बाहेर टाकत होती आणि उजवीकडचा लगाम घेईना. नोट आली: मागच्या उजव्या खुरात जुनी जखम, आणि घरात कुणाचं तरी लग्न जमतंय त्याचा तिला ताण. नालबंदाने खूर तपासला, डॉक्टरांनी चिमट्याने दाबून पाहिला. खूर ठणठणीत. तोंड उघडून पाहिलं तेव्हा वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या धारदार झालेल्या आणि उजवा गाल आतून कापलेला. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि दात आयुष्यभर वर सरकत राहतात, म्हणून वरच्यांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहते आणि धार चढते. गुंगीचं इंजेक्शन देऊन कानशीने दात घासले, आणि आठवड्याभरात मैना नीट खायला लागली. पाऊण तासाच्या नोटमध्ये तोंडाचा उल्लेखही नव्हता.

तिथे माझे पाचाचे तीन तारे झाले. त्यानंतर पागेत जे घडलं त्याने उरलेलेही गेले. आमच्या शेजारच्या ठाणातला एक घोडा रात्री लोळायला लागला. पोटाकडे वळून बघायचा, पुढच्या पायाने जमीन उकरायचा. त्याच्या मालकांनी आधी या बाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं, 'त्याचा सोबती हलवला गेलाय, तो शोक करतोय, त्याला एकटं राहू द्या, सुई टोचू नका.' मामांनी नाडी मोजली, जबड्याखाली बोटं ठेवून. साठच्या वर होती. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. मामांनी कुणाला न विचारता डॉक्टरांना फोन लावला आणि मालकांना म्हणाले, 'साहेब, रागावा नंतर, आधी याला फिरवू द्या.' डॉक्टरांनी नाकातून जठरात नळी घालून साचलेलं काढलं, वेदनाशामक दिलं, पॅराफिन तेल सोडलं. घोड्याला उलटी करता येत नाही. जठर तुंबलं आणि कुणी नळी घातली नाही तर ते फुटतं. घोडा वाचला. पोटशूळ सुरू असलेल्या घोड्याबद्दल 'सुई टोचू नका' असं फोटो बघून सांगणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे. हे मी त्या बाईंना स्पष्ट कळवलं आहे. त्यांचं उत्तर व्हॉइस नोटनेच आलं.

घोड्यांना माणूस कळतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि तो कमी झालेला नाही. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमाराला हान्स नावाचा घोडा गाजला होता. त्याचे मालक फोन ऑस्टेन हे निवृत्त शिक्षक. घोडा खूर आपटून गणितं सोडवतो म्हणून लोक बघायला गर्दी करत. ऑस्कर फुंग्स्ट यांनी पद्धतशीर तपासणी केली आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला: विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स ते टिपायचा. तो घोडा माणसं वाचण्यात अव्वल होता. इथे उलटं आहे. फॉर्ममध्ये उत्तर मी देते आणि समोरच्या बाई ते वाचतात. मी रकाना कोरा ठेवला की उत्तर चुकतं.

न्यायाने सांगायचं तर या व्यवहारातून एक गोष्ट मला खरोखर मिळाली. बाई गृहपाठ देतात: रोज फोन बाजूला ठेवून घोड्यापाशी नुसतं बसायचं, त्याला न हाताळता. मी बसायला लागले. घास गोळे करून टाकणं मला तिथेच दिसलं, एरवी मी खोगीर घालून निघून गेले असते. आता बसताना माझ्याकडे दोन तक्ते असतात, पागेच्या भिंतीवर चिकटवलेले. एक घोड्याच्या चेहऱ्यावरच्या वेदनेचा, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. कान ताठ मागे, डोळ्याची पापणी आवळलेली, डोळ्यावरचा भाग ताणलेला, चावायचे स्नायू उठलेले, ओठ-हनुवटी घट्ट, नाकपुड्या ताणलेल्या: या सहा खुणा. दुसरा सू डायसन या पशुवैद्य बाईंचा, स्वारीखालच्या घोड्याच्या २४ वागणुकींचा. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. दोन्ही फुकट मिळाले, दोन्ही लेखी आहेत, आणि डॉक्टरांशी त्यांवर बोलता येतं. मामांना तक्त्याची गरज पडली नाही. तक्ता बघून ते म्हणाले, 'ताई, डोळा बारीक केला की दुखतंय, हे माझा बाप सांगायचा.' सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वाढलेले आहेत ते. घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ सांगणारे तिथेही खूप भेटतात, आणि मामा भोवरे बघतात ते गिऱ्हाईक भाव पाडेल म्हणून. घोडा घेताना ते त्याला आधी चालवून बघतात, मग तोंड उघडतात.

आणखी एक बाजू आहे. ज्या ताईंनी मला नंबर दिला त्यांची म्हातारी घोडी या हिवाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत त्या या बाईंशी बोलत होत्या आणि त्यांना आधार वाटला. घोडी डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, उपचार थांबवलेले नव्हते. तिथे मी एक शब्दही वाकडा बोलणार नाही. दुःखातल्या माणसाचं कुणी शांतपणे ऐकून घेत असेल तर त्याला किंमत आहे. फक्त ती सेवा घोड्याची नाही, माणसाची आहे, आणि त्याच नावाने विकली जावी.

ज्यांना तरीही घ्यायचंच आहे त्यांनी पैसे भरण्याआधी लेखी उत्तर मागा, तारखेसकट. फॉर्ममधला तक्रारीचा रकाना कोरा ठेवा. घोडा लोळत असेल, खात नसेल, लीद टाकत नसेल, तर फोन फक्त डॉक्टरांना. आणि पॅकेज घेऊच नका, एकेक सत्र घ्या. माझं एक सत्र अजून शिल्लक आहे. त्याचे पैसे मागितले तर 'सत्र कुणाला भेट द्या' असं सुचवलं गेलं. भेट द्यायची माझी इच्छा नाही, पैसे हवे आहेत. मैनाचे दात सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचेत, तिथे ते लागतील. आजच्या घडीला माझ्याकडून एक तारा, तोही गृहपाठासाठी. परतावा आला तर इथेच नोंद करेन.