पोकर शिकायला ८ महिने वही आणि ट्रेनर ॲप वापरलं, त्याचा अनुभव

आठ महिने पूर्ण झाले म्हणून आता लिहितोय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं ॲपचं कौतुक झालं असतं. मी टेक्सास होल्डम (प्रत्येकाला दोन पत्ते आणि मधे सगळ्यांसाठी पाच उघडे पत्ते, असा पोकरचा प्रकार) खेळतो, आठवड्यातून एकदा, मित्रांमध्ये, चिप्सवर, पैसे लावत नाही. शिकायला तीन गोष्टी घेतल्या होत्या: महिन्याच्या सबस्क्रिप्शनचं एक ट्रेनर ॲप, एक फुकटातला इक्विटी कॅल्क्युलेटर (जिंकायची शक्यता टक्क्यांत काढणारा) आणि एक साधी रेघांची वही. तिन्हीत वहीने जेवढं शिकवलं तेवढं बाकी कशानेच नाही.

वहीची पद्धत अशी. ज्या डावात निर्णय अवघड गेला तो संपला की पुढचा डाव फोल्ड करून (पत्ते टाकून देऊन) तेवढ्यात दोन ओळी लिहायच्या: पॉट (मधे जमलेल्या चिप्स) किती होता, मला किती घालायचे होते, समोरच्याकडे काय असेल असं वाटलं आणि मी का कॉल (समोरच्याइतक्या चिप्स घालणं) किंवा फोल्ड केलं. शेवटचा रकाना निकालाचा, तो त्या रात्री भरायचा नाही. दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने आधी हिशोब करायचा, निर्णयापुढे बरोबर किंवा चूक लिहायचं आणि मगच जिंकलो की हरलो ते भरायचं. हा क्रम बदलला तर वहीला काही अर्थ राहत नाही, कारण जिंकलेला डाव आठवला की मन लगेच कारणं जुळवायला लागतं.

दुसऱ्या महिन्यातला एक डाव सांगतो. माझ्याकडे बदाम नव्वी आणि बदाम अठ्ठी. फ्लॉपला (मधले पहिले तीन पत्ते) बदाम राजा, बदाम चौव्वी, किलवर दुर्री, टर्नला (चौथा पत्ता) इस्पिक गुलाम. पॉट ६००, समोरच्याने पूर्ण ६०० ची बेट टाकली आणि त्याच्यापुढे आता फक्त ४०० चिप्स उरल्या होत्या. मी कॉल केला, रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) बदाम तिर्री आली, फ्लश लागला (पाच पत्ते बदामाचे), त्याचे उरलेले ४०० पण आले, तो एक्का-राजा दाखवून बसला आणि सगळे ओरडले, अरे कसला कॉल मारलास! मला पण तेव्हा तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी हिशोब मांडला. न दिसलेले ४६ पत्ते, त्यात माझ्या कामाचे बदाम ९, म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. ६०० घालून १२०० (पॉटचे ६०० आणि त्याचे ६००) मिळवायचे तर निदान ३३ टक्के शक्यता हवी. रिव्हरला त्याचे ४०० दर वेळी मिळतातच असं धरलं तरी ४६ पैकी ९ वेळा १६०० येणार आणि ३७ वेळा ६०० जाणार, सरासरी काढली की दर कॉलमागे जवळपास १७० चिप्सचा तोटा. म्हणून वहीत लिहिलं: चूक. आणि शेजारच्या रकान्यात: जिंकलो. हे दोन शब्द एकाच ओळीत बघितले आणि मला हा खेळ खऱ्या अर्थाने आवडायला लागला.

उलटं पण झालंय. दोन एक्के, फ्लॉपच्या आधीच ऑल-इन (सगळ्या चिप्स लावल्या), समोर दोन राजे, रिव्हरला राजा, संपलं. तिथे एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात, म्हणजे जवळपास पाचात एकदा हरणारच. वहीत बरोबर लिहिलं आणि पान उलटलं. आधीचा मी पुढचा तासभर चिडून खेळलो असतो.

आता ॲप. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत फार छान वाटलं. कुठल्या पोझिशनला (बोलायचा नंबर कितवा) कुठल्या पत्त्यांवर डाव सुरू करायचा हे रोज पंधरा मिनिटं करून हाताला बसलं, बटनवर (सगळ्यात शेवटी बोलायची जागा) असताना आणि सगळ्यात आधी बोलायची वेळ आल्यावर एकच पत्ते वेगळे का खेळायचे हे कळलं. कॉम्बो मोजायची सवयही तिथूनच लागली. म्हणजे कुणाकडे दोन राजे असतील तर ते ६ प्रकारे असू शकतात आणि एक्का-राजा १६ प्रकारे, पण बोर्डवर (मधल्या पत्त्यांत) एक राजा आला की तेच आकडे ३ आणि १२ होतात. समोरचा नक्की सेट (हातातली जोडी आणि बोर्डवर तसाच तिसरा पत्ता) घेऊन बसलाय ही भीती या एका हिशोबाने खूप कमी झाली.

तक्रार अशी की ॲप समोरचा खेळाडू जवळपास अचूक खेळतोय असं धरून उत्तर देतं. आमच्या टेबलवर एक दादा आहे, तो जोडी लागली की फोल्ड करतच नाही. ॲपने शिकवलेले ब्लफ मी त्याच्यावर दोन महिने मारत राहिलो, चिप्स गेल्याच, वर वाटत राहिलं की मी तर बरोबर खेळतोय. त्याच्याविरुद्ध ब्लफ बंद करून चांगल्या पत्त्यांवर मोठी बेट टाकायची, एवढंच करायचं होतं, पण ॲपचा हिरवा टिक मिळवायच्या नादात मी समोरच्या माणसाकडे बघणंच सोडलं होतं. सहाव्या महिन्यात सबस्क्रिप्शन बंद केलं. कॅल्क्युलेटर मात्र ठेवलाय, दुसऱ्या दिवशीच्या हिशोबासाठी तो लागतोच.

अजून एक गोष्ट वहीतून दिसली जी कुठल्याच ॲपला दिसली नसती. मी प्रत्येक नोंदीपुढे वेळ टाकतो. चुकीच्या कॉलपैकी निम्म्याहून जास्त शेवटच्या तासातले निघाले. पत्ते तेच, माणसं तीच, फक्त मी थकलेलो. आता चौथा तास सुरू झाला की मी उठतो, मित्र थांब रे म्हणतात तरी उठतो.

खेळ सुधारला का, असं विचारतात. चिप्स जास्त जिंकतोय, पण त्यावरून मी काही ठरवत नाही. माझे आठ महिन्यांचे सगळे डाव मिळून जेमतेम ३,२०० होतील. २०१७ मध्ये लिब्राटस या पोकर खेळणाऱ्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं तेव्हा निकाल नशिबाचा नाही हे कळावं म्हणून १,२०,००० डाव खेळवले होते, त्यापुढे माझे ३,२०० म्हणजे काहीच नाही. म्हणून मी निर्णयाचा रकाना मोजतो. पहिल्या वहीत पानावरच्या दहा नोंदींत सहा-सात चुका असायच्या, सध्याच्या वहीत तीन असतात, आणि त्यातली बहुतेक वेळा एक तरी त्या दादाविरुद्धची असते, त्याच्यावर अजून काम चालू आहे.