कोयनेल, करवंद, कामिनी, दुरांता: दोन पावसाळ्यांनंतर

सासवडच्या पुढे आमचा पाच गुंठ्यांचा तुकडा आहे. वर वीतभर माती, खाली नुसता मुरूम. पाऊस बेताचा आणि एप्रिल-मे टँकरवर. तारेचं कुंपण आधीपासून होतं, पण गावातल्या शेळ्या तारेला जुमानत नाहीत. म्हणून चार बाजूंना चार वेगवेगळी झाडं लावली. दोन पावसाळे उलटले, आता काय ते बोलता येईल.

नर्सरीत आपण रोपाचा शेंडा बघतो. कुंपणाचं काम मात्र बुडाशी असतं. शेळी, कुत्रं, कोंबड्या, सगळी शिरतात ती खालच्या फूटभरातून. वर पाच फूट हिरवीगार भिंत आणि खाली नुसत्या काटक्या, अशी कुंपणं कुठल्याही सोसायटीत बघायला मिळतील. त्यामुळे मी गुण देतोय ते या खालच्या फुटाला.

रस्त्याच्या बाजूला सोनेरी दुरांता. स्वस्त, कुठेही मिळतो, पहिल्याच पावसाळ्यात कमरेला लागला. येणारे-जाणारे थांबून विचारायचे. पण पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी कात्री चालवली नाही तर पिंजारतो. वरून सपाट कापत राहिलं की वरचीच पानं दाट होतात, बुडाला ऊन मिळत नाही आणि खालची पानं गळतात. आंब्याची सावली पडते तिथे सोनेरी रंगही टिकला नाही, साधा हिरवा झाला. उन्हाळ्यात पाणी जरा कमी पडलं की पानांच्या कडा करपतात. छाटायच्या राहिलेल्या फांद्यांना नारिंगी मण्यांसारखी फळं धरतात, ती विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर हे आधी लक्षात घ्या. शेळ्यांनी खालून केलेली भोकं अजून तशीच आहेत.

व्हरांड्यासमोर कामिनी. वाढ फार सावकाश, त्यामुळे कात्रीही कमी लागते. पान गर्द, बुडापासून दाट, आणि पाऊस पडून गेल्यावर फुलली की संध्याकाळी आत जावंसं वाटत नाही. एवढं सगळं चांगलं असूनही एक अडचण आहे आणि ती नर्सरीवाला सांगत नाही. कामिनी लिंबाच्याच कुळातली. कोवळ्या फुटीवर नीट बघितलं तर पिवळसर, टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं आणि त्यांच्यामागे पांढरे मेणचट धागे दिसतात, पान आत वळलेलं असतं. हा सिट्रस सायला. लिंबू, मोसंबी, संत्र्यात ग्रीनिंग रोग पसरवणारा कीडा तो हाच. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते इथे शब्दशः खरं. आमचं एकच लिंबाचं झाड आहे, म्हणून नवी फूट आली की निंबोळी अर्क फवारून भागवतो. जालन्याकडे मोसंबी किंवा नागपूर-अमरावतीकडे संत्र्याची बाग असलेल्यांनी कामिनीच्या वाटेला जाऊ नये.

ओढ्याच्या बाजूला करवंद. पहिलं वर्ष ते हललंच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात जे सुटलं ते आता मांडीला लागतंय, आणि आडवी फांदी जमिनीलगत पसरल्यामुळे बुडाशी हात घालायची सोय नाही. काटे जोडीने येतात आणि टोकाला दुभंगतातही. इंग्रजांनी मिठाची जकात चुकवणाऱ्यांना अडवायला पंजाबपासून बऱ्हाणपूरपर्यंत जिवंत कुंपण वाढवलं होतं. 1879 मध्ये ती जकातरेषा उठली. त्या कुंपणात बाभूळ, बोर, निवडुंगाबरोबर करवंदही होतं, यात मला आता नवल वाटत नाही. त्रास दोन: आतलं गवत काढायला मजूर तयार होत नाही, आणि छाटताना चीक येऊन कात्री चिकटते (खोबरेल तेलाचं फडकं जवळ ठेवा). मोठ्या फळाचं हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण बोल्ड’ विचारा. नुसतं कुंपण हवं असेल तर रानातलं साधं रोपही पुरतं.

मागच्या बाजूची कोयनेल मला फुकट मिळाली. शेजारच्या आप्पांनी छाटणीचा भारा बांधावर टाकला होता, त्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या काढून लावल्या. जगल्या किती म्हणाल तर नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नव्या लावायला, फार थोड्या लागल्या. पान कडू. शेळी एकदा तोंड लावते, मान झटकते आणि पुढे जाते. जमिनीला टेकलेली फांदी तिथेच मूळ धरते, त्यामुळे खालचं भोक आपोआप बुजतं. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेतही चालते, म्हणून अलिबाग-मुरूडच्या बाजूला घर असलेल्यांनी हिचा विचार करावा. दिसायला मात्र गबाळी. कात्री नसेल तर लांब दोऱ्या सोडते आणि कापताना पानांना उग्र वास येतो. बंगल्यासमोर शोभेची म्हणून कोणी लावणार नाही.

आता लागवड. दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर घेतला. दोन ओळी, मध्ये फूटभर अंतर, रोपं नागमोडी. कोयनेल, कामिनी, दुरांता दीड फुटावर, करवंद तीन फुटांवर. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, कच्च्या खतात हुमणी येते आणि रोप उपटलं की हातात नुसता बुडखा येतो. सोबत निंबोळी पेंड. पिशवी फाडल्यावर मुळं बघा. एका नर्सरीतून आलेल्या कामिनीची मुळं पिशवीत स्प्रिंगसारखी वेटोळी झाली होती. ती ब्लेडने उभी चिरून मोकळी केली, तरी त्यातली बरीच रोपं वर्षभर खुरटलेलीच राहिली. त्यापेक्षा वीतभराचं कोवळं रोप बरं.

सगळ्यात महत्त्वाची पहिली छाटणी. रोप गुडघ्याला आलं की वीतभर ठेवून कापायचं. आई म्हणाली, “आत्ता कुठे वाढतंय, कशाला मुंडी उडवतोस?” आप्पा बांधावरूनच ओरडले, “वहिनी, कापू द्या त्याला. बुडात फुटवा न्हाय आला तर वर कितीबी वाढू द्या, शेळीला दारच!” कोयनेल आणि कामिनी अशी दोनदा कापली, खालून चार-पाच फुटवे आले. पुढेही बूड रुंद आणि माथा अरुंद ठेवायचा, म्हणजे खालपर्यंत ऊन पोचतं. दुरांता असा उतरता कापायला मजुराला तीन वेळा सांगितलं, तो दर वेळी भिंतीसारखा सरळ कापून गेला.

पाण्याला ठिबकची 16 मिलिमीटरची नळी (लॅटरल), रोपामागे एक ड्रिपर, वर उसाच्या पाचटाचं आच्छादन. या उन्हाळ्यात करवंदाचं पाणी जवळजवळ बंद केलं, त्याला फरक पडला नाही.

मेंदी का नाही, असं बरेच जण विचारतात. कमी पाण्यावर जगते, हे खरं. पण आमच्याकडे बांधावर आहे ती बुडाशी पोकळच, आणि थंडीत पानंही विरळ होतात.

दुरांताची बाजू येत्या जूनमध्ये काढतोय, तिथे निम्मी कोयनेल, निम्मं करवंद. कोयनेलच्या काड्या भरपूर निघतील. सासवड-जेजुरी भागातल्या कोणाला हव्या असतील तर दोन चांगले पाऊस झाल्यावर या, कात्री आणि गोणपाट आपापलं आणा.