सुक्या बाभळीच्या भावात ओला गुलमोहर

ठाण्यात राहून जळाऊ लाकडं कशाला, असं विचाराल, म्हणून आधीच सांगते. आई-बाबा मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याशी राहतात. थंडीत लाईट गेली की हीटर काय कामाचा? बाबांना दमा, म्हणून धुराडं असलेली बीडाची शेगडी बसवली. शेगडी उत्तम आहे. फसवलं वखारवाल्याने.

"ताई, दोन वर्षं सुकवलेली बाभूळ आहे." ९ रुपये किलोने १,२०० किलो, म्हणजे १०,८००, वर टेम्पोचे २,५००. एकूण १३,३०० रुपये मी आगाऊ पाठवले. वरचा थर बाभळीचाच होता. खाली काय असणार ते तुम्ही ओळखलंच असेल.

मला तिथेच कळायला हवं होतं. हमालाने ओंडका अंगणात टाकला तेव्हा टण्ण वाजला नाही, थप्प वाजला. टोकाला एक भेग नाही, साल घट्ट चिकटलेली. आई म्हणालीसुद्धा, "अगं, एवढी जड कशी?" टेम्पो रिकामा झाला तेव्हा फळ्यांवर ओलीचा काळा डाग दिसला. दिसला, तरी मी गप्प बसले! अंधार पडत होता, ड्रायव्हर घाई करत होता, मला ठाण्याला परतायचं होतं. आणि हातात वजनकाट्याची पावती होती. मी रोज ऑफिसात हिशेब तपासते, पावतीवर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर?

त्या रात्री शेगडी नुसती धुमसत राहिली. काच काळी, लोखंड कोमट. पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट त्याची वाफ करायला लागते. सगळी आच त्यातच गेली. दार उघडलं की धूर खोलीत. बाबा पहाटेपर्यंत खोकत होते. धुराड्यात डांबरासारखी चिकट काजळी धरली, ती पेट घेते. ओलं लाकूड आलं असेल तर जाळूच नका.

एक तुकडा किचनच्या काट्यावर ठेवला: २,१४० ग्रॅम. चिरफाळ्या करून महिनाभर पत्र्यावर वाळवला: १,३१०. त्या हिशेबाने १,२०० किलोत ४६५ किलो पाणी. ४,१८५ रुपये पाण्याचे!

चौकीत म्हणाले, हा व्यवहाराचा वाद, गुन्हा नाही. वजनमापाच्या कार्यालयात म्हणाले, वजन बरोबर आहे, मग तक्रार कसली? अहो, बाभूळ सांगून गुलमोहर दिला, त्याचं काय? "ते आमच्याकडे येत नाही." तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, पावणेचारपर्यंत आलेच नाहीत. अर्ज घ्यायला कोणी नाही, पोच द्यायला कोणी नाही. दोन रजा गेल्या. वखारवाल्याने नंबर ब्लॉक केलाय.

पैसे माल उतरल्यावरच द्या. खालच्या थरातला ओंडका स्वतः काढून फोडायला लावा आणि ओलावा मोजायचं यंत्र फोडलेल्या आतल्या बाजूला टोचा, वरून नाही. २० टक्क्यांच्या वर दाखवलं तर टेम्पो परत पाठवा, रात्र झाली तरी. माझ्याकडे ३८ दाखवलं, पण यंत्र मी नंतर घेतलं.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, हे मला कुठल्याच टेबलावर कोणी सांगितलं नाही. अर्ज तयार आहे. तो तुकडा आणि दोन्ही वजनांचे फोटो सोबत जोडतेय.