सुपरचार्जरवाल्या गाडीसाठी ‘युनिव्हर्सल’ इंटरकूलर: जाळी चांगली, क्लॅम्प भंगारात

सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून इंजिनात जादा हवा दाबतो, आणि दाबल्याने तापलेली ती हवा इंजिनात जाण्याआधी थंड करतो तो इंटरकूलर. हा असा: ५५० × १८० × ६५ मिलिमीटरची जाळी, दोन्ही टोकांना अॅल्युमिनियमच्या टाक्या, ६३ मिलिमीटरची तोंडं, बार-अँड-प्लेट (कांबी आणि सपाट पत्रे एकावर एक रचलेली) बांधणी. खोक्यावरचं नाव बदलत राहतं, आतला माल साधारण एकच. नाना पेठेतले स्पेअर पार्टवाले मागवून देतात, ऑनलाइनही मिळतो. पुण्यातच जुळवलेल्या जुन्या मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसरसारख्या, पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर असलेल्या गाड्यांचे मालक याची चौकशी करतात. जाळीबद्दल तक्रार नाही. टाकीचं वेल्डिंग मात्र नशिबावर, आणि सोबतचे क्लॅम्प वापरायच्या लायकीचे नाहीत. पाचपैकी तीन.

आधी याचं काम काय ते आकड्यांत. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, म्हणजे इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. त्यावर अर्धा बार बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा जादा दाब, चढवला की दाब मूळच्या दीडपट होतो. एप्रिलमधली ३८ अंशांची हवा ६० टक्के कार्यक्षमतेच्या रूट्स ब्लोअरमधून (सुपरचार्जरचा एक प्रकार) गेली, तर बाहेर पडताना शंभरी ओलांडते, १०५ अंशांपर्यंत जाते. एवढ्या गरम हवेवर इंजिन नॉक करायला लागतं (इंधन अवेळी पेटून ठकठकतं), ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा पाडतो आणि गाडी ऐन चढावर ढेपाळते. ७० टक्के कार्यक्षम इंटरकूलर तीच हवा ५८ अंशांवर आणतो. म्हणजे त्याच दाबाला हवा १४ टक्के दाट, जाळीत ०.०५ बार दाब गेला असं धरलं तरी १० टक्के उरतात.

हे १० टक्के सुपरचार्जरवाल्याच्या हातात सरळ पडत नाहीत, हे विकणारा सांगत नाही. रूट्स ब्लोअर दर फेऱ्याला ठरावीक घनफळ ढकलतो. पुढे हवा थंड होऊन आकसली की मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचा) दाबच उतरतो, आणि नवा इंटरकूलर बसवल्यावर बूस्ट गेज आधीपेक्षा कमी दाखवतं. मग मेकॅनिक दिवसभर लीकेज शोधत बसतो. खरा फायदा इग्निशनमध्ये दिसतो: स्कॅनर लावून इनटेकचं तापमान आणि टायमिंग आधी व नंतर बघा. ताकद वाढवायची तर ब्लोअर जास्त वेगाने फिरवणारी लहान पुली आणि ट्यूनिंग लागतं. पुली कंपनीचीच असेल आणि जुना इंटरकूलर धड असेल, तर या खरेदीत फारसं काही हाती लागणार नाही. टर्बोचं, म्हणजे एक्झॉस्टवर फिरणाऱ्या ब्लोअरचं, गणित वेगळं. तिथे जाळीतला थोडा दाब गेला तर वेस्टगेट (टर्बोकडे जाणारा एक्झॉस्ट कमीजास्त करणारा व्हॉल्व) सांभाळून घेतो. इथे तो भरून काढायची ताकद क्रँकशाफ्टकडून, पट्ट्यातूनच जाते. म्हणून ‘मोठ्यात मोठा द्या’ म्हणू नका.

बार-अँड-प्लेट जाळी जड असते. घाटात, एखाददुसऱ्या जोरदार पिकअपला हे वजन उपयोगी पडतं, कारण ती सावकाश तापते. पण हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत एकदा तापली की निवायलाही तेवढाच वेळ घेते. रोज शहरातच फिरणाऱ्या गाडीला कंपनीची हलकी ट्यूब-अँड-फिन जाळी जास्त मानवते.

बसवण्याआधी प्रेशर टेस्ट कराच. आधी आतून धुवा. नव्या मालातही अॅल्युमिनियमचा किस निघतो आणि तो थेट इंजिनात जातो. मग एक तोंड बंद करून दुसऱ्यातून रेग्युलेटर लावून १.५ बार हवा भरा आणि पाण्याच्या टबात दहा मिनिटं बुडवून ठेवा. कॉम्प्रेसरची ७–८ बारची हवा थेट सोडलीत तर बूच गोळीसारखं उडतं. बुडबुडे बहुतेक वेळा टाकी जाळीला मिळते त्या कोपऱ्यातून येतात, बारीक, एका रेषेत. तिथे आर्गन वेल्डिंगच हवं. एम-सील भरून देणाऱ्याला नमस्कार करून निघा.

क्लॅम्पचं म्हणाल तर सोबतचे स्क्रूवाले पट्टी क्लॅम्प सिलिकॉन होजमध्ये रुततात आणि तो कापतात. बोल्टने आवळायचे रुंद पट्टीचे टी-बोल्ट क्लॅम्प घ्या. पाइपच्या टोकाला उठावदार कडा नसेल तर ती करून घ्या, नाहीतर तेलकट झालेला होज बूस्टवर सटकतोच.

जागा एसी कंडेन्सरच्या पुढे, मधे २०–२५ मिलिमीटर फट ठेवून. बाजूच्या मोकळ्या जागा फोमने बुजवा, म्हणजे हवा जाळीला वळसा घालून जाणार नाही. एसी आणि रेडिएटरला हवा थोडी कमी पडणार हे गृहीत धरा. बंपरमागची लोखंडी बीम कापून जागा करणाऱ्याकडे गाडी सोडू नका. धडकेत तीच कामाला येते.

फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयवाल्यांनी आणि जग्वार-लँड रोव्हरच्या सुपरचार्ज्ड व्ही६ वाल्यांनी हा घेऊ नये. त्यांचा इंटरकूलर पाण्यावर थंड होतो. टीएसआयमध्ये तर तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे. तिथे हवा गरम येत असेल तर त्या सर्किटचा इलेक्ट्रिक पंप, कूलंटची पातळी आणि एअरलॉक (आत अडकलेली हवा) याच क्रमाने तपासा.

बसवल्यावर दर सर्व्हिसला खालचा होज काढून आत डोकवा. तेलाचा पातळ थर चालतो. थारोळं असेल तर पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व) किंवा ब्लोअरचं सील गेलंय. ते आधी बदला, मग जाळी डिग्रीजरने धुऊन पूर्ण वाळवा. आत साचलेलं पाणी किंवा तेल जास्त प्रमाणात सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.