आठ महिने, ६४० केबी आणि लोटस १-२-३

मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि लोटस १-२-३ या एक्सेलसारख्या, तक्त्यात हिशेब मांडायच्या प्रोग्रॅमची मूळ फ्लॉपी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायची. ती ड्राइव्हमध्ये घातल्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच व्हायचा नाही. त्यामुळे किल्ली साहेबांकडे म्हणजे हिशेबही साहेबांकडे! आठ महिन्यांपूर्वी एक जुनं २८६ मशीन (ऐंशीच्या दशकातल्या प्रोसेसरचा पीसी) हाती लागलं, तेव्हा ठरवलं की घरचा सगळा जमाखर्च याच्यावरच ठेवायचा. गंमत म्हणून चार दिवस नाही, रोज.

मशीन उघडलं तर मदरबोर्डवरची बॅटरी फुटून हिरवी झालेली. ती काढली, बोर्ड साफ केला. हार्ड डिस्क तिसऱ्या आठवड्यात कुरकुरून गेली, तिच्या जागी मेमरी कार्ड बसवलं. रॅम १ एमबी, पण डॉसला (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमला) त्यातली ६४० केबीच थेट दिसते. माझ्याकडे लोटसची २.०१ आवृत्ती आहे, तिला २५६ केबी पुरतात. १९८३ साली आलेल्या १ए आवृत्तीला १९२ केबी लागायच्या. आयबीएम पीसी १९८१ मध्ये बाजारात आला तो मुळात १६ केबीवर, म्हणजे तेव्हा ही मागणी काही कमी नव्हती. कित्येकांनी लोटससाठी म्हणून रॅम वाढवून घेतली.

वेगाबद्दल मात्र मी थक्कच झालो. पहिल्या आवृत्त्या थेट असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेला अगदी जवळच्या भाषेत, लिहिलेल्या, पडद्यावरची अक्षरंही डॉसला न विचारता सरळ व्हिडिओ मेमरीत टाकायच्या. म्हणूनच तर एखादा पीसी आयबीएमशी खरोखर जुळतो का, हे बघायला लोक त्यावर लोटस चालवून बघत. बाण दाबून ठेवला की कर्सर धावतो, कुठे अडखळत नाही. मोठं शीट असेल तर बेरजा व्हायला क्षणभर कोपऱ्यात ‘वेट’ दिसतं, तेवढंच.

आता तक्रारी. अन्डू नाही. नाही म्हणजे नाहीच. तिसऱ्या महिन्यात मी किराण्याच्या तक्त्यातली एक ओळ उडवली: स्लॅशने मेनू उघडायचा, मग वर्कशीट, डिलीट, रो यांची आद्याक्षरं, डब्ल्यू, डी, आर. बोटांना अजून पाठ होतं, याचा आनंद झाला. दोन दिवसांनी विजेच्या बिलांची बेरीज जुळेना. एका फाइलीत एकच शीट, आणि मी बिलांचा तक्ता किराण्याच्या उजवीकडे, पडद्याबाहेर मांडलेला. ओळ उडाली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बिल घेऊन. तेव्हा आठवलं, जुने लोक तक्ते जिन्यासारखे मांडायचे: एक संपला की पुढचा त्याच्या खाली आणि उजवीकडे, म्हणजे ओळी आणि रकाने एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पण हा शहाणपणाही रॅम असणाऱ्यांचा. १ए मध्ये मधल्या रिकाम्या सेलसुद्धा मेमरी खायच्या, तेव्हा जिना बांधणं परवडायचं नाही. दुसऱ्या आवृत्तीत ती अडचण गेली. चूक माझीच, पण आता फाइल सेव्ह केल्याशिवाय मी ‘डी’ला हात लावत नाही.

तारखांचं वेगळंच. वर्ष १९०० पासून मोजतात, त्यामुळे २०२५ साठी १२५ टाकावं लागतं. पहिले काही दिवस माझी अर्धी बिलं १९२५ सालची होती. शिवाय लोटसच्या दप्तरी २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे, जी खऱ्या कॅलेंडरात कधी आलीच नाही. एक्सेलने लोटसच्या फाइलींशी जुळावं म्हणून ती चूक जशीच्या तशी उचलली, आणि आजतागायत सांभाळली आहे.

छपाई डॉट मॅट्रिक्सवर. सेटअपच्या जागी बॅकस्लॅश ०१५ लिहिलं की अक्षरं दाटीवाटीने बसतात आणि रुंद तक्ता ८० रकान्यांच्या कागदावर मावतो. आवाज असा की रात्री दहानंतर छापायचं नाही, असा घरात नियम झाला आहे. छापलेला कागद मात्र वाचायला बरा वाटतो, का ते मला सांगता येणार नाही.

घ्यावं का? हिशेब नीट ठेवायचा एवढाच हेतू असेल तर मुळीच नाही. हौस असेल तर आधी डॉसबॉक्समध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवून बघा, बॅटरीचा गंज तरी खरवडावा लागणार नाही. फाइली अडकून पडतील ही भीती नको, लोटसची डब्ल्यूके१ फाइल लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस पॅकेज अजून उघडतं. स्लॅश-डब्ल्यू-एस दाबून उरलेली मेमरी बघायची सवय मात्र लागते. मी दर रविवारी बघतो, पाण्याची टाकी बघावी तशी.

परवा ऑफिसात एक्सेलमध्ये चुकून स्लॅश दाबला गेला. वरच्या पट्टीवर टपाटप अक्षरं उमटली, कारण लोटसवाल्यांसाठी ठेवलेली ती कळ तिथे अजून जिवंत आहे. खूश होऊन पुढे डब्ल्यू दाबला, तर भलताच मेनू उघडला.